फुगलेल्या शिरा आणि उभ्याचे काम

डोंबिवलीत माझे पोळीभाजी केंद्र आहे. मुंबईहून लोकलने परतणारी माणसे स्थानकातून घरी जाताना पोळ्या, एखादी सुकी भाजी, आमटी बांधून नेतात. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघराचा खरा दिवस दुपारी सुरू होतो आणि रात्रीच्या गाड्यांची गर्दी ओसरली की मगच संपतो. या सगळ्या वेळात काम करणारी बाई चालत नसते, ती उभी असते. कणकेची परात, पोळपाट, तवा आणि पोळ्यांचा डबा हाताच्या अंतरावर असल्याने पाऊल उचलण्याचे कारणच पडत नाही. त्यात समोर पेटलेले बर्नर आणि पायाखाली कडक लादी. पायांच्या शिरांना याहून प्रतिकूल जागा शोधून काढायची म्हटले तरी अवघड जाईल.

चाळिशी उलटल्यावर माझ्या डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूस एक हिरवट-निळी शीर दिसू लागली. आधी ती फक्त संध्याकाळी दिसे आणि सकाळी मावळे. पुढे ती दिवसभर राहू लागली, वळणे घेऊ लागली आणि उभे राहिले की बोटाला गाठीसारखी लागू लागली. मांड्यांच्या बाहेरच्या अंगाला जांभळट-तांबड्या बारीक रेषांचे जाळे त्याआधीपासूनच होते. माझ्या आईच्या दोन्ही पायांवर अशाच शिरा होत्या आणि त्या बाळंतपणातच आल्या असे ती सांगत असे, त्यामुळे घरात कोणाला त्याचे विशेष वाटले नाही.

मलाही शिरेच्या दिसण्याचे फारसे वाटले नव्हते. त्रास सुरू झाला तो पाय भरून येण्याचा. संध्याकाळी सातच्या सुमारास डावा पाय इतका जड होई की तो आपला नव्हेच असे वाटावे. घोट्याजवळ बोट दाबले की तेथे खळगा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. रात्री अंथरुणावर पडल्यावर पोटरीत गोळे येत आणि घोट्याच्या आतल्या बाजूस खाज सुटे. मांडीवरचे जाळे पाहणाऱ्याला अधिक भयंकर वाटे, पण त्याने मला कधीच काही केले नाही. पुढे डॉक्टरांनीही हेच सांगितले की, शिरांच्या बाबतीत दिसणे आणि दुखणे यांचा मेळ असतोच असे नाही.

गिऱ्हाइकांचा राबता असलेल्या दुकानात दुखणे लपत नाही आणि सल्लेही थांबत नाहीत. कोणी गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसायला सांगितले, कोणी तिळाचे तेल जोर लावून रगडायला सांगितले, कोणी सफरचंदाच्या व्हिनेगरची बाटली आणून दिली, कोणी जळवा लावून घेण्याचा पत्ता दिला. ही सर्व माणसे मनापासून बोलत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र एकच अट घातली. उपाय घरगुती करायचा असो वा दवाखान्यातला, आधी शीर कोठे बिघडली आहे ते पाहायचे, आणि आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी नाही याची खात्री करून घ्यायची. गुठळी असलेल्या पायाला जोराने तेल रगडणे धोक्याचे ठरू शकते, एवढे त्यांनी सांगितल्यावर मी निमूटपणे डॉपलर, म्हणजे शिरांतील रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला गेले.

ही तपासणी पोटाच्या सोनोग्राफीसारखी आडवे पडून होत नाही, निदान वर गेलेले रक्त मागे येऊ न देणाऱ्या शिरांच्या झडपा पाहायच्या असतील तर ती उभ्याने करतात. मला एका पायरीवर उभे केले आणि वजन दुसऱ्या पायावर घ्यायला सांगितले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी जांघेपासून घोट्यापर्यंत जेल लावून यंत्राचे टोक फिरवले, मधूनमधून माझी पोटरी मुठीत दाबून सोडली. दाबले की पडद्यावर एक रंग उमटे, म्हणजे रक्त वर चालले. सोडले की निरोगी शिरेत तो रंग तेथेच विझावा, पण माझ्या शिरेत दुसरा रंग उमटून बराच वेळ रेंगाळे, म्हणजे वर गेलेले रक्त पुन्हा खाली येत होते. असा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ टिकला, तर वरवरच्या शिरेतील झडपा निकामी समजतात. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या सॅफेनस शिरेचा पोटरीतील भाग आणि तिच्या काही फांद्या गळत आहेत, जांघेतील तोंड अजून शाबूत आहे आणि खोल शिरा मोकळ्या आहेत, असा अहवाल आला.

अहवाल घेऊन रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे गेले, तेव्हा त्यांनी माझ्याच हातावर एक प्रयोग करून दाखवला. इंग्लंडमधील विल्यम हार्वे या वैद्याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ साली मांडला, त्या वेळचाच हा प्रयोग असल्याचे त्यांनी सांगितले. दंडाला पट्टी बांधली की कोपराखालच्या शिरा फुगतात आणि त्यांच्यावर मधूनमधून बारीक गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा. एक बोट शिरेवर दाबून ठेवायचे आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारायचे. मधला तुकडा रिकामा राहतो, वरून रक्त परत येत नाही. खालचे बोट उचलले की मात्र तो लगेच भरतो. पायांतही हेच चालते, फक्त तेथे रक्त वर ढकलायचे काम बोटाऐवजी पोटरीचा स्नायू करतो. तो आवळला की शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जाते, सैल पडला की झडपा मिटून ते रोखून धरतात.

आकडा ऐकला तेव्हा मला माझ्या संध्याकाळचा उलगडा झाला. माणूस न हलता उभा राहिला की घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. झडपा गळत असतील तर चालूनही तो पुरेसा उतरत नाही. म्हणजे माझा पाय तवा तापल्यापासून तो विझेपर्यंत पूर्ण दाबाखाली असे, आणि समोरच्या आचेने शिरा आणखी सैलावत असत. गरम पाण्याचा शेक मला का मानवला नसता, हेही त्यातच आले. उष्णतेने शिरा रुंदावतात, त्यामुळे शेकताना बरे वाटले तरी सूज वाढण्याचीच शक्यता अधिक.

या दुखण्याची सीईएपी नावाची एक प्रतवारी जगभर वापरली जाते. एक मिलिमीटरहून बारीक जाळे आणि तीन मिलिमीटरपर्यंतच्या निळ्या रेषा पहिल्या पायरीवर, त्याहून जाड फुगलेल्या शिरा दुसऱ्या, सूज तिसऱ्या, त्वचा काळवंडणे, इसब होणे किंवा ती घट्ट होणे चौथ्या, भरलेला व्रण पाचव्या आणि उघडा व्रण सहाव्या. माझी मांडी पहिल्या पायरीवर होती आणि पोटरी तिसऱ्या. ‘नैसर्गिक उपायांनी हे जाईल का?’ असे मी सरळ विचारले. त्यांचे उत्तरही सरळ होते. ‘ताई, गळकी झडप व्यायामाने, तेलाने वा काढ्याने दुरुस्त होत नाही. सूज, जडपणा, गोळे हे मात्र तुमच्या हातात आहे, आणि नव्या शिरांचा वेग कदाचित कमी करता येईल.’ ब्रिटनमधील डॉक्टरांना उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर, शीर बंद करण्याचे उपचार शक्य असताना नुसत्या दाबाच्या मोज्यांवर रुग्णाची बोळवण करू नये असे म्हटले आहे, हेही त्यांनी आपणहून सांगितले. लेसरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करणे, फेसाचे औषध टोचणे, हे सारे मार्ग त्यांनी समजावले. पण माझी त्वचा शाबूत होती, व्रण नव्हता, आणि पाय बिघडवणारी कामाची पद्धत जशीच्या तशी राहिली तर एक शीर बंद करून दुसरी फुगण्याची वाट पाहण्यात मला अर्थ वाटेना. काही महिने पद्धत बदलून पाहायची आणि पुन्हा तपासायचे, असे आमचे ठरले.

बदलाला सुरुवात स्वयंपाकघरापासून केली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण तेथूनच आला. पहिला विचार अर्थातच बसून पोळ्या लाटण्याचा होता. परंतु गणपतीत उकडीचे मोदक वळायला आम्ही जमिनीवर मांडी घालून बसतो आणि उठताना पाय तितकेच सुजलेले असतात, हा अनुभव होता. कारण बसले तरी पोटरी हलत नाहीच. बदलायचे होते ते निश्चलपण. म्हणून कामेच फिरती केली. लाटणारीने अर्ध्या तासाने भाजायला जायचे, भाजणारीने घड्या घालून बांधायला, बांधणारीने काउंटरवर. डबे आणि कागद मुद्दाम समोरच्या भिंतीच्या फळीवर हलवले, म्हणजे दर थोड्या वेळाने चार पावले पडतीलच. लादीवर जाड रबरी चटया टाकल्या. ओट्याखाली एक बुटका पाट ठेवला, त्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवता येतो. धूर ओढणारा पंखा मोठा बसवला, त्यामुळे शेगडीसमोरची आच बरीच उतरली.

आमच्याकडे सर्वांत जुन्या असलेल्या मावशींना हे मुळीच पटले नाही. ‘हात बसलाय तिथनं उठवता कशाला? पोळी बिघडंल ना,’ असे त्या म्हणाल्या, आणि पहिल्या काही दिवसांत पोळी बिघडलीही. कडा जाड राहिल्या, दोन गिऱ्हाइकांनी बोलून दाखवले. मग लाटण्याचे काम दोघींतच फिरते ठेवले आणि बाकीची कामे सर्वांत. मावशींनी स्वतःहून एक गोष्ट मात्र उचलली, ती म्हणजे टाचांचा व्यायाम. पोळी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत हाताला काम नसते. तेवढ्या वेळात दोन्ही चवड्यांवर उभे राहायचे, टाचा पूर्ण वर, क्षणभर थांबायचे, सावकाश खाली. दर पोळीला तीन-चार वेळा टाचा उचलल्या तरी संध्याकाळभरात त्याचा हिशेब मोठा होतो, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. सुरुवातीला पोटऱ्या चांगल्याच दुखल्या. नंतर मात्र त्या भरल्या, आणि सातच्या सुमाराचा तो जडपणा आधी आठावर, मग नऊवर सरकला.

दाबाच्या मोज्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक बायका ते विकत घेतात आणि कपाटात ठेवून देतात. माप सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्याआधी घ्यायचे असते. घोट्याचा सर्वांत बारीक घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर. मला घोट्यापाशी २० ते ३० मिलिमीटर दाब देणारे, गुडघ्याखालपर्यंतचे मोजे दिले. मांडीपर्यंतचे मोजे आमच्या दमट हवेत टिकत नाहीत, वरच्या सिलिकॉनच्या पट्टीखाली घामोळे येते; माझ्या शिरा गुडघ्याखाली असल्याने त्यांची गरजही नव्हती. मोजे देण्याआधी डॉक्टरांनी पावलावरची नाडी तपासली, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना केली. मधुमेह असलेल्यांच्या आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या पायांच्या शुद्ध रक्ताच्या वाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर जोराचा दाब दिला तर रक्तपुरवठाच तुटतो. औषधांच्या दुकानातून अंदाजाने मोजे उचलून आणू नयेत, ते एवढ्यासाठी.

ते चढवणे ही एक कला आहे. मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, चवडा आत सरकवायचा, टाचेचा खिसा बरोबर टाचेवर बसवायचा, आणि मग उरलेला भाग थोडा थोडा वर सारत न्यायचा. वरचे काठ धरून खेचले की तो अर्ध्यावर अडतो आणि सुरकुत्या पडतात. सुरकुती पडली तेथे दाब वाढतो आणि वळ उमटतात, म्हणून ती लगेच सारखी करायची. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर तळव्यांना पकड येते आणि काम निम्म्या श्रमात होते. ही युक्ती माझ्या स्वयंपाकघरातच पडलेली होती. अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी मोजे चढवणे उत्तम, पण सकाळी आंघोळ-पूजा उरकल्याशिवाय आमच्याकडे ते जमत नाही. म्हणून आंघोळीनंतर दहा मिनिटे पाय उंचावर ठेवून मग चढवते. एप्रिल-मे महिन्यांत शेगडीसमोर ते घालणे ही शिक्षाच आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. त्या दिवसांत मी ते फक्त गर्दीच्या वेळात घालते आणि मध्ये एकदा पायांवर गार पाणी ओतते. रोज हाताने साध्या साबणात धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण उतरतो आणि मग ते नुसते मोजे उरतात. हा खर्च धरूनच चालावे लागते.

दुपारच्या तयारीनंतर आणि रात्री घरी आल्यावर मी जमिनीवर पाठ टेकून भिंतीला पाय लावते. योगवर्गात याला विपरीत करणीचा सोपा प्रकार म्हणतात. नुसते समोरच्या खुर्चीवर पाय ठेवण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाय हृदयापेक्षा वर गेले तरच रक्त आपसूक परतते. पंधरा मिनिटांत घोट्यांची ताणलेली कातडी सैल झाल्याचे हाताला कळते. रात्रीसाठी पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवल्या. आमच्या यजमानांनी पहिल्या रात्री उशी सरकते म्हणून कुरकुर केली, मग तेही रुळले. ज्यांना हृदयविकार आहे किंवा आडवे पडल्यावर दम लागतो, त्यांनी मात्र हा उतार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

चालणे आणि वजन यांविषयी नवे सांगण्यासारखे काही नाही. सकाळी एमआयडीसीच्या निवासी भागात भरभर चालते. रेंगाळत चालण्याने पोटरी पुरेशी आवळत नाही. वजन थोडे उतरले, आणखी उतरायला हवे. आहारात दोनच गोष्टी नेटाने केल्या. स्वयंपाक करणारी माणसे दिवसभर चव घेत राहतात आणि पोटात किती मीठ गेले ते त्यांना कळत नाही. लोणचे-पापड जेवणातून काढल्यावर माझी सूज उतरायला मदत झाली असे मला वाटते. दुसरी गोष्ट मलावरोधाची. शौचाला जोर करावा लागला की पोटातील दाब वाढतो आणि तो पायांच्या शिरांवर उलटतो, म्हणून ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, कोशिंबीर आणि पाणी यांत आता खंड पडू देत नाही. परकराची नाडी करकचून बांधण्याची सवयही सोडली, तीही याच विचाराने.

तेलांचा आणि वनस्पतींचा प्रश्न वाचकांना असणारच. आमच्या ओळखीच्या वैद्यांनी सहचरादि तेल दिले होते, ते मी रात्री घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने लावते. शीर त्याने तसूभरही बसली नाही, पण हात वर फिरवल्याने पाय हलका वाटतो, कोरडी कातडी मऊ राहते आणि खाज थांबते. खाजवून त्वचा फुटली तर तेथे व्रण होण्याची भीती असते, म्हणून मला हा फायदाही लहान वाटत नाही. साध्या खोबरेल तेलानेही तो मिळतो. फुगलेल्या शिरेवर अंगठा दाबून रगडायचे मात्र नाही. व्हिनेगरची बाटली मी सॅलडला वापरून संपवली. हॉर्स चेस्टनट या युरोपीय झाडाच्या बियांच्या अर्काने दुखणे आणि सूज काही काळ उतरते, असे वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात आढळले आहे, परंतु त्या बिया कच्च्या विषारी असतात, आणि ‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर निर्धास्त होणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. संत्र्याच्या कुळातील फळांपासून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनणारी डायोस्मिनची गोळी डॉक्टरांनी काही काळ दिली होती. तिने जडपणा कमी झाला की टाचांच्या व्यायामाने, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. जळवा मी लावल्या नाहीत. जळू जेवढे रक्त ओढील तेवढे झडपेतून पुन्हा उतरणारच, असा माझा साधा विचार होता.

याच काळात केंद्रात एक प्रसंग घडला. भाजी निवडायला येणाऱ्या एका बाईंच्या घोट्याजवळ फुगीर शिरांचा झुबका होता आणि त्यावरची कातडी कागदासारखी पातळ झाली होती. नळाजवळ पाय धुताना त्या वजरीने टाच घासत होत्या, वजरी निसटली आणि शीर फुटली. रक्ताची चिळकांडीच उडाली. त्या घाबरून स्टुलावर बसल्या, कोणी तरी पोटरीवर नाडी आवळून बांधायला धावले. अशा वेळी बसून पाय खाली सोडला की रक्त थांबत नाही, आणि वर घट्ट बांधले तर शिरेत रक्त कोंडून ते अधिकच वाहते. डॉक्टरांनी सांगून ठेवलेले मला आठवले. त्यांना लादीवरच आडवे केले, पाय कणकेच्या रिकाम्या डब्यावर उंच ठेवला आणि धुतलेल्या फडक्याची घडी जखमेवर दहा मिनिटे न उचलता दाबून धरली. रक्त थांबले. मग त्यांना दवाखान्यात नेले आणि पुढे त्यांची शीर लेसरने बंद करण्यात आली. त्यांच्या बाबतीत मोजे आणि व्यायाम यांवर विसंबून राहण्याची वेळ निघून गेली होती, आणि तसे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून घरगुती उपायांची हद्द लिहिणे मला आवश्यक वाटते. एकच पाय अचानक सुजला, गरम व दुखरा झाला, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. त्याच्या जोडीला दम लागू लागला किंवा छातीत दुखले तर एक तासही दवडू नये. घोट्याजवळची त्वचा तपकिरी होऊ लागली, घट्ट झाली, किंवा तेथील जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तेल-मोज्यांत वेळ घालवू नये.

माझी भाची गरोदर राहिली तेव्हा तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला आधीच विचारून घेतले. गरोदरपणात शरीरातील रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने शिरांच्या भिंती सैलावतात आणि वाढते गर्भाशय ओटीपोटातील शिरांवर दाबते. त्यात आमच्या घराण्याचा वारसा. डॉक्टरांच्या संमतीने तिने हलक्या दाबाचे मोजे घातले, डाव्या कुशीवर झोपण्याची सवय केली आणि कार्यालयात दर तासाला उठून फेरी मारली. थोड्या शिरा तिलाही दिसू लागल्याच. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्यांतील बहुतेक मावळल्या, जसे पुष्कळ बायकांचे होते. मोज्यांमुळे त्या कमी आल्या असे मी म्हणणार नाही. पाय मात्र तिचे फारसे दुखले नाहीत.

वर्षभराने माझी डॉपलर पुन्हा झाली. झडपा जेथे गळत होत्या तेथेच गळत आहेत, गळती वर सरकलेली नाही. पोटरीवरची शीर दिसते तशीच दिसते. मांडीवरचे जाळे किंचित वाढलेच असेल, आणि सुया टोचून ते पुसण्याचा खर्च मी करणार नाही. सूज उतरली आहे, रात्रीचे गोळे क्वचित येतात, दिवाळीच्या फराळाच्या घाईतही मी शेवटपर्यंत उभी राहू शकले. शल्यचिकित्सकांनी दोन खुणा ठरवून दिल्या आहेत. घोट्याची कातडी रंग बदलू लागली किंवा पुढच्या तपासणीत जांघेतील झडप गळताना दिसली, तर लेसर करून घ्यायचे, त्यात चालढकल करायची नाही. तेव्हा कोणता महिना धंद्याला सोयीचा पडेल, ते मी मावशींशी आताच बोलून ठेवले आहे.